नोकरी सांभाळून शिकायचे आहे, पण फीचे काय? कौशल्य प्रशिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळवण्याची वाट

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी एका खाजगी प्रशिक्षण संस्थेच्या समुपदेशकासमोर बसलो होतो. कारखान्याच्या गुणवत्ता विभागात १५ वर्षे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही हाताने मोजायची उपकरणे वापरल्यानंतर आमच्याकडे संगणकावर चालणारे मोजमाप यंत्र आले, ज्याला आम्ही सीएमएम म्हणतो, आणि ते चालवायला घेतलेली दोन्ही मुले माझ्यापेक्षा बरीच लहान होती. त्या यंत्राचे प्रोग्रॅमिंग शिकून घेतले नाही, तर उरलेली नोकरी त्यांनी काढलेल्या रिपोर्टवर सह्या करण्यातच जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते. समुपदेशकाने फी ७२,००० रुपये सांगितली आणि माझा चेहरा पाहून लगेच पुस्ती जोडली, ‘एकदम भरू नका सर, हप्ते आहेत. व्याज शून्य.’ त्याने टॅबवर माझा आधार आणि पॅन क्रमांक भरला, फोनवर आलेला ओटीपी मी त्याला वाचून दाखवला आणि घरी आलो. संध्याकाळी संदेश आला की माझ्या नावे ८४,९६० रुपयांचे कर्ज मंजूर झाले आहे. ते देणारी वित्तसंस्था कोणती, हे मला त्या संदेशातूनच पहिल्यांदा कळले.

ते कर्ज मी वेळेत रद्द करू शकलो. कसे, ते पुढे येईलच. त्यानंतर जवळजवळ आठ महिने मी निरनिराळ्या कचेऱ्या आणि बँकेच्या शाखा पालथ्या घातल्या आणि शेवटी तेच शिक्षण दुसऱ्या संस्थेत ५४,००० रुपयांत घेतले, ज्यातले निम्मे पैसे कंपनीने दिले आणि निम्मे कौशल्य कर्जातून आले. माझी चूक एकच होती, पण मुळातलीच होती: मी आधी संस्था निवडली आणि मग पैसा शोधायला निघालो. क्रम उलटा हवा. आधी कोर्सची मान्यता पाहावी, मग फुकट काय मिळते ते, त्यानंतर मालकाकडे मागावे आणि कर्ज सगळ्यात शेवटी ठेवावे. पुढील माहिती भारतातील नियमांनुसार आहे आणि राज्याच्या योजना महाराष्ट्राच्या आहेत.

१. पैशाआधी कोर्सचा कोड विचारा

भारतात सरकारमान्य कौशल्य प्रशिक्षण ‘राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा’ या चौकटीत बसवले जाते. सरकारी कागदपत्रांत आणि बँकेत सगळे त्याला एनएसक्यूएफ म्हणतात. ही चौकट २०१३ मध्ये अधिसूचित झाली. तेव्हा तिच्यात १० स्तर होते, नंतरच्या सुधारणेत ते ८ झाले. तिच्यावर देखरेख ठेवणारी नियामक संस्था म्हणजे एनसीव्हीईटी, अर्थात राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद. मान्य झालेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला एक कोड आणि एक स्तर असतो आणि तो नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरमध्ये कोणालाही पाहता येतो.

हे रूक्ष वाटेल, पण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर हाच कोड विचारला जातो. बँकेच्या शाखेत मी अर्ज पुढे केला, तेव्हा अधिकाऱ्याने माझा पगार विचारण्याआधी विचारले, ‘कोर्स एनएसक्यूएफमध्ये बसतो का?’ मी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक पुढे केले, त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि न बोलता परत दिले. त्यात चमकदार फोटो होते, कोड नव्हता.

म्हणून संस्थेत पहिल्यांदा जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी, निदान ईमेलवर, घ्या. या कोर्सचा पात्रता कोड आणि स्तर काय? परीक्षा कोण घेते आणि प्रमाणपत्रावर कोणाचे नाव असते? मधेच सोडावे लागले तर फी कोणत्या नियमाने परत मिळते? तिसऱ्या प्रश्नावर जो समुपदेशक विषय बदलतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे काही शब्द हमखास दिशाभूल करतात. ‘आयएसओ प्रमाणित संस्था’ याचा अर्थ त्या संस्थेच्या व्यवस्थापनाच्या पद्धतीला प्रमाणपत्र मिळाले आहे, इतकाच असतो. ‘एमएसएमई नोंदणीकृत’ म्हणजे व्यवसायाची नोंदणी झाली आहे. शिक्षणाच्या दर्जाशी तिचा काही संबंध नाही. ‘एनएसडीसी भागीदार’, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाची भागीदार संस्था, हे खरे असू शकते, पण भागीदार संस्थेचा प्रत्येक कोर्स मान्यताप्राप्त असतोच असे नाही, म्हणून तुमच्या कोर्सचाच कोड मागा. पदवी किंवा पदविका ऑनलाइन घेणार असाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता दिली आहे का, ते पाहावे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो, ती नजरेखालून घालायला पाच मिनिटे पुरतात.

कोड नसलेला कोर्स निरुपयोगीच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांची स्वतःची प्रमाणपत्रे उद्योगात चांगली चालतात. फक्त अशा कोर्ससाठी सरकारी मदतीची बरीच दारे बंद असतात, हे धरून हिशेब करावा.

२. खर्चाचा खरा आकडा काढा

संस्था जी फी तोंडी सांगते तिच्यात बहुधा जीएसटी धरलेला नसतो. खाजगी व्यावसायिक प्रशिक्षणावर तो १८ टक्के आहे. माझ्या बाबतीत ७२,००० वर १२,९६० रुपये कर लागून ८४,९६० झाले होते आणि हा आकडा मी कर्जाच्या संदेशातच प्रथम वाचला. त्याशिवाय परीक्षेची फी, सॉफ्टवेअरचा परवाना, जाण्यायेण्याचा खर्च असतो. नोकरदार माणूस सगळ्यात जास्त विसरतो ती गोष्ट म्हणजे बुडणारा ओव्हरटाइम. संध्याकाळच्या बॅचमुळे माझा सहा महिन्यांचा ओव्हरटाइम गेला आणि ती रक्कम फीच्या जवळपास निम्मी भरली. मदत मागताना हा पूर्ण आकडा हाताशी असला, की किती अनुदान पुरेल आणि किती कर्ज लागेल, हे अंदाजावर राहत नाही.

३. फुकट मिळणारे आधी पाहा

प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिचा चौथा टप्पा आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना, शिकाऊ उमेदवारांची प्रोत्साहन योजना आणि जनशिक्षण संस्थान यांना एका छत्राखाली आणून ८,८०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह २०२५-२६ पर्यंतची मुदत दिली. मुदती अशा टप्प्याटप्प्याने वाढत असल्यामुळे, आपल्या जिल्ह्यात या घडीला बॅच सुरू आहे का, हे स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी संकेतस्थळावर पाहूनच पुढे जावे. या योजनेत प्रशिक्षणार्थीला फी नसते. कोणी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून रोख रक्कम मागितली, तर तेथून उठावे.

नोकरीत असलेल्यांसाठी या योजनेचा अल्पकालीन प्रशिक्षणाचा भाग फारसा उपयोगी नाही, कारण तो प्रामुख्याने बेरोजगार आणि शाळा सोडलेल्या तरुणांसाठी आहे. तुमच्या उपयोगाचा भाग वेगळा आहे आणि त्याकडे लोकांचे लक्ष जात नाही. त्याचे नाव पूर्व-अध्ययनाची मान्यता, बोलीत आरपीएल. कामावर वर्षानुवर्षे जे हाताने शिकलात, त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र मिळते. मी गुणवत्ता तपासनीसाचे प्रमाणपत्र असे घेतले. चाचणीच्या दिवशी परीक्षकाने एक घासलेला शाफ्ट माझ्या हातात दिला आणि मोजायला सांगितले. मी सवयीने आधी मायक्रोमीटरचे शून्य तपासले, तेव्हा त्याने काही न बोलता कागदावर खूण केली. त्या प्रमाणपत्राने माझा पगार एका रुपयानेही वाढला नाही. परंतु पुढच्या स्तराच्या कोर्सला प्रवेश घेताना सुरुवातीचे दोन महिन्यांचे मॉड्यूल मला माफ झाले आणि तेवढी फी वाचली.

हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी, गवंडी, न्हावी, चर्मकार, परीट अशा १८ पारंपरिक व्यवसायांना ती लागू आहे. ५ ते ७ दिवसांचे मूलभूत आणि १५ दिवसांचे प्रगत प्रशिक्षण मोफत असून त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत कर्ज मिळते. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकर व त्यांचे कुटुंबीय यातून वगळलेले आहेत. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात, म्हणजे सीएससीवर होते.

ग्रामीण भागात स्वतःचा व्यवसाय करायचा असेल, तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून चालवली जाणारी आरसेटी ही प्रशिक्षण संस्था निवासी प्रशिक्षण मोफत देते. ज्यांना विषय शिकायचा आहे आणि प्रमाणपत्राची फारशी गरज नाही, त्यांनी स्वयम् आणि एनपीटीईल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचांवरचे अभ्यासक्रम पाहावेत. शिकणे मोफत, पैसे फक्त परीक्षेचे. मी मोजमापशास्त्राचा एक कोर्स असाच रात्री ऐकून काढला आणि परीक्षा दिली नाही, तरी त्याचा उपयोग आजही होतो.

३५ वर्षांच्या आतील वाचकांना क्षेत्रच बदलायचे असेल, तर शिकाऊ उमेदवारीचाही विचार करता येईल. तेथे विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये केंद्र सरकार देते, बाकी आस्थापना. पण त्यासाठी चालू नोकरी सोडावी लागते, हे कुटुंबाच्या खर्चाशी ताडून पाहा.

४. आपल्या प्रवर्गाची संस्था कोणती, हे नीट ओळखा

महाराष्ट्रात हे थोडे गुंतागुंतीचे आहे, कारण संस्था आणि महामंडळे वेगवेगळी आहेत आणि नावे ऐकून लोक चुकीच्या दारात रांग लावतात. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी समाजासाठी टीआरटीआय आणि खुल्या प्रवर्गातील ज्या घटकांना यांपैकी कोणत्याही संस्थेचा लाभ मिळत नाही त्यांच्यासाठी अमृत. या संस्थांचा भर मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन यांवर असतो. महामंडळांचा भर कर्जावर असतो: महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, वसंतराव नाईक महामंडळ, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ इत्यादी.

येथे होणारा ठराविक गोंधळ सांगतो. अण्णासाहेब पाटील महामंडळाचे नाव सर्वत्र ऐकू येत असल्याने कोर्सच्या फीसाठी तेथे धाव घेणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्या महामंडळाची गाजलेली योजना व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाचा परतावा देते. फीसाठी ती नाही. तसेच २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयाच्या, नोकरीत नसलेल्या तरुणांसाठी आहे. कामावर असलेल्या माणसाने त्यात वेळ घालवू नये.

केंद्राच्या पीएम-दक्ष योजनेत अनुसूचित जाती, इतर मागास वर्ग, विमुक्त-भटके आणि सफाई कामगार यांच्यासाठी असलेले कौशल्य वाढवणारे प्रशिक्षणही आहे आणि त्यात बुडालेल्या मजुरीची काही भरपाई धरलेली आहे, पण हजेरी ८० टक्के असावी लागते. ही योजना या घडीला सुरू आहे का, ते आधी विचारावे आणि पाळीत काम करणाऱ्यांनी ही अट बॅच निवडतानाच लक्षात घ्यावी.

कोणत्या दारात जायचे हेच कळत नसेल, तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात एकदा जाऊन बसा. फोनवर मिळणारी माहिती आणि समोर बसून मिळणारी माहिती यांत बराच फरक असतो. माझ्या जिल्ह्यात तरी होता.

५. मालकाकडे मागा, पण लेखी मागा

आपल्याकडे लोक साहेबांना जिन्यात गाठून ‘सर, एक कोर्स करायचा होता, कंपनी काही मदत करेल का?’ असे विचारतात आणि ‘बघू’ हे उत्तर घेऊन परततात. मीही दोनदा ‘बघू’ ऐकले. तिसऱ्यांदा एका पानाचा अर्ज दिला. त्याचा गाभा असा होता:

‘आपल्या विभागात सीएमएमचे दोनच प्रशिक्षित चालक आहेत. त्यांपैकी एक जण रजेवर असल्यास तपासणी दुसऱ्या पाळीवर ढकलावी लागते. सोबत गेल्या तीन महिन्यांतील अशा दिवसांची नोंद जोडली आहे. मी हे प्रशिक्षण माझ्या स्वतःच्या वेळेत पूर्ण करू इच्छितो. फीची निम्मी रक्कम कंपनीने द्यावी आणि ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर, पावती पाहून द्यावी, अशी विनंती आहे.’

यात मी मागितले कमी आणि दिले जास्त, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. असेलही. पण व्यवस्थापकाला सही करायला कारण लागते, आणि रखडलेल्या तपासणीच्या दिवसांची यादी हे ते कारण होते. पैसे उत्तीर्ण झाल्यावर देण्याची अट मी स्वतःच घातल्यामुळे त्यांना जोखीमही राहिली नाही. अर्थात त्यामुळे आधीचे पैसे मला उभे करावे लागले, ते कसे ते पुढच्या पायरीत आहे. अर्ज अर्थसंकल्पाच्या काळात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत दिला तर अधिक चांगले. वर्षाच्या मधेच ‘या वर्षीचा प्रशिक्षणाचा निधी संपला’ हे उत्तर तयार असते.

पैसे देताना कंपनी बहुधा बंधपत्र, म्हणजे बॉण्ड मागते: अमुक महिने नोकरी सोडणार नाही, सोडल्यास रक्कम परत करीन. हा बॉण्ड कायद्याने चालत नाही, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यावर विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरतो, हे खरे. परंतु मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि आधी सोडल्यास २ लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण भरतीच्या अटीचे होते, कोर्सच्या फीचे नव्हते, तरी नोकरी चालू असतानाच्या काळापुरती अशी अट घालता येते, हे त्यातून स्पष्ट होते.

म्हणून सही करण्याआधी बॉण्डमध्ये चार गोष्टी घालून घ्या. रक्कम प्रत्यक्ष फीपेक्षा जास्त नसावी. जसजसे महिने जातील तसतशी ती कमी होत जावी. कंपनीने स्वतःच कामावरून कमी केल्यास काही देणे लागू नये. आणि मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवायची नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर अजिबात तडजोड करू नका. माझा बॉण्ड १८ महिन्यांचा होता, दर महिन्याला रक्कम घटत जाणारा.

६. कर्ज घ्यायचेच असेल, तर योग्य नावाने मागा

बँकेत जाऊन ‘एज्युकेशन लोन’ म्हटले, की अधिकाऱ्यापुढे बारावी झालेला मुलगा, त्याचे वडील आणि अभियांत्रिकी महाविद्यालय असे चित्र उभे राहते. तुम्ही ‘कौशल्य कर्ज’, ‘स्किल लोन’ असे म्हणा आणि ‘मॉडेल स्किल लोन स्कीम’ हे नाव अर्जावर लिहा. ही योजना जुलै २०१५ मध्ये आली तेव्हा मर्यादा ५,००० ते १,५०,००० रुपये होती. जुलै २०२४ मध्ये सुधारित योजनेत कमाल मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढली आणि बँकांबरोबर बिगरबँक वित्तसंस्थांनाही तिच्यात घेतले गेले.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबी अशा आहेत. मूळ योजनेत वयाची अट नाही, त्यामुळे चाळिशी हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. तारण लागत नाही. प्रक्रिया शुल्क नाही. परतफेड कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होते, एक वर्षापर्यंतच्या कोर्सला साधारण सहा महिन्यांनी. ५०,००० पर्यंतच्या कर्जाला तीन वर्षे, १ लाखापर्यंत पाच आणि त्यावर सात वर्षे मुदत मिळते. शिकण्याच्या काळात व्याज सरळ दराने लागते, आणि ते त्याच काळात भरत गेलात तर नंतरचा हप्ता हलका होतो.

या कर्जाला सरकारी हमी असते, यावरून एक मोठा गैरसमज पसरला आहे. ती हमी बँकेला दिलेली असते. तुम्ही हप्ते थकवले तर बँकेचे नुकसान काही अंशी भरून निघते. तुमचे देणे माफ होत नाही आणि तुमचा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, मात्र खराब होतो.

शाखेत पहिल्यांदा ‘असे काही आमच्याकडे नाही’ हे ऐकायची तयारी ठेवा. छोट्या रकमेच्या कर्जात शाखेला कष्ट तेवढेच आणि मिळकत थोडी, हे त्यामागचे साधे कारण आहे. अशा वेळी वाद घालू नका. पूर्ण कागदपत्रांसह अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार अर्ज नाकारल्यास त्याची मुख्य कारणे लेखी कळवणे अपेक्षित आहे. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा अधिकार लोकपाल बदलत नाही. पण अर्जाला उत्तरच न देणे ही सेवेतली त्रुटी आहे. माझ्या अर्जाचे उत्तर शिक्का घेतल्यानंतर अकराव्या दिवशी आले, त्याआधी दीड महिना मी नुसत्या फेऱ्या मारत होतो.

आता ‘शून्य व्याजाच्या’ हप्त्यांबद्दल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही संकल्पना अस्तित्वातच नाही. व्याज कोठेतरी भरलेले असते, बहुधा फीमध्येच. रोख एकरकमी फी भरल्यास किती सवलत देता, असे विचारा. जी सवलत सांगतील तेच ते व्याज. दुसरे म्हणजे, हे हप्ते संस्थेचे नसतात. कर्ज वित्तसंस्थेचे, तुमच्या नावावर असते आणि पैसे संस्थेला पोचलेले असतात. संस्था बंद पडली किंवा शिकवणे टाकाऊ निघाले, तरी हप्ता चुकत नाही.

डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार आणि नंतर त्यांच्या जागी आलेल्या नियमांनुसार कर्ज देण्याआधी मुख्य तथ्यांचे एक पत्रक द्यावे लागते, ज्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि कर्ज घेतल्यावर ठराविक दिवस विचार बदलण्याची मुभा असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे प्रमाणशीर व्याज देऊन, कोणताही दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येते. मी याच तरतुदीचा आधार घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, संस्थेला प्रवेश रद्द केल्याचे लेखी कळवले आणि दोन्हींची पोच मिळेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून संदेश आला त्याच दिवशी पत्रक उघडून ती पाहा.

७. करसवलतीचा हिशेब वाढवून धरू नका

स्वतःच्या शिक्षणाची फी मुलांच्या फीसारखी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०सी खाली दाखवता येत नाही. उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाची वजावट, जी कलम ८०ई म्हणून ओळखली जाते, ती स्वतःच्या शिक्षणासाठीही मिळते आणि जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते. मात्र फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. शिक्षण बारावीनंतरचे आणि मान्यताप्राप्त संस्थेतले हवे, कर्ज बँकेचे किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचे हवे आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडलेली हवी. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. तीस-चाळीस हजारांच्या कर्जावरील व्याजासाठी प्रणाली बदलणे क्वचितच परवडते.

८. कागदपत्रे

हे सगळे एका फाइलमध्ये आणि स्कॅन करून फोनमध्येही ठेवा.

– आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच असावे. माझ्या पॅनवर वडिलांचे नाव आद्याक्षराने होते आणि त्यातच तीन आठवडे गेले.
– शेवटची गुणपत्रिका, आयटीआय किंवा पदविकेचे प्रमाणपत्र, आरपीएल प्रमाणपत्र असल्यास तेही.
– संस्थेचे प्रवेशपत्र आणि लेटरहेडवरचा फीचा तपशील, ज्यात पात्रता कोड, कालावधी, जीएसटी आणि संस्थेचा खाते क्रमांक असेल. बँक फी थेट संस्थेच्या खात्यात भरते.
– सहा महिन्यांचे बँक विवरण, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६.
– क्रेडिट अहवाल. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. अर्जाआधी पाहा, कारण फेडलेले जुने कर्ज त्यात अजून चालू दिसू शकते.
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपत आली असेल, तर अर्जाआधीच नवा काढा. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशामुळे सेतू केंद्रांवर झुंबड असते.
– मालकाकडून मदत घेत असाल तर मंजुरीचे पत्र आणि बॉण्डची सही केलेली प्रत.

विद्यावेतन किंवा अनुदान थेट खात्यात येणार असेल, तर आणखी एक गोष्ट आधी तपासा. सरकारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. ती आधार क्रमांकाशी शेवटी ज्या खात्याची जोडणी झाली असेल त्या खात्यात जाते. माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. तिने विश्वकर्मा योजनेत पाच दिवसांचे प्रशिक्षण घेतले आणि २,५०० रुपये आलेच नाहीत म्हणून ती दोन महिने केंद्रात फेऱ्या घालत होती. पैसे आले होते. गॅसच्या अनुदानासाठी कधीकाळी उघडलेल्या आणि नंतर विसरलेल्या खात्यात ते पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ येथे जोडलेल्या बँकेचे नाव दिसते. ते तुमच्या चालू खात्याचे नसेल, तर अर्ज करण्याआधी शाखेत जाऊन जोडणी बदलून घ्या.